काटा तीस, चाकं बत्तीस

हा प्रवास मी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात एकदा तोंडी सांगितलेला आहे. वेल्ह्याकडचे डोंगर, नाचणीची भाकरी, चरात कलंडलेली गाडी आणि चिखलात बसलेली मी, असं सगळं खुलवून सांगितलं. लोक भरपूर हसले. एकीने तर लगेच तिकडे सहल काढायचं ठरवून टाकलं. त्या सांगण्यात मी एक गोष्ट गाळली होती. ती गाळली म्हणूनच सांगणं इतकं रंगलं, हे घरी परत येऊन जिना चढताना माझ्या लक्षात आलं, आणि त्यानंतर मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. आता लिहिते आहे ते काही न गाळता. ज्यांना नुसते डोंगर आणि भाकरी हवी आहे त्यांना तेही मिळेल, पण मधे मधे माझी गाठ पडेल, त्याला इलाज नाही.

मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. राहते शनिवार पेठेत. आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर हौसेने वाघोलीला रोपवाटिका काढली होती, ते गेल्यावर ती मी चालवते. रोपवाटिकेची एक पिकअप गाडी आहे आणि तिच्यावर बाळू आहे. बाळू वाघोलीचाच, चाळिशीतला, मोजकं बोलणारा माणूस. अकरा वर्षांत त्याने गाडीला ओरखडा येऊ दिला नव्हता.

वेल्हे तालुक्यातल्या एका गावात डोंगरावर एक निवासी शाळा आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथे मला तोंड दाखवायला अजून जड जातं. त्या शाळेच्या संस्थेचा सचिव शेखर हा माझा विद्यार्थी. त्याने शाळेच्या माळावर लावायला चारशे रोपं मागवली होती. त्याच सुमारास शाळेला बससाठी ड्रायव्हर हवा होता. राहायला दोन खोल्या आणि मुलांना त्याच शाळेत प्रवेश, असं त्या नोकरीचं होतं. बाळूची मुलगी सोनाली पाचवीत होती, विलक्षण चुणचुणीत. तिच्यासाठी बाळूने अर्ज केला. शेखर मला फोनवर म्हणाला, "बाई, रोपं घेऊन तोच येणार ना? मग तेव्हाच बघतो. आमचा एकच नियम आहे, घाटात तीसच्या वर जायचं नाही. बसमध्ये पोरं असतात. हा नियम एकदा मोडला की दुसरी संधी नाही." मी ते बाळूला सांगितलं. तो म्हणाला, "तीस तर तीस."

पुणे, टायरच्या दुकानात

त्या गावचा शेवटचा रस्ता दगडांचा. आदल्या वर्षी गेलो होतो तेव्हा गाडीचं पोट दोनदा घासता घासता वाचलं होतं. म्हणून या खेपेला मोठे, जास्त वजन पेलणारे टायर घालायचे असं मी ठरवलं. कागद घेऊन बसले. जुन्या टायरची उंची सत्तावीस इंच, नव्याची एकोणतीस. म्हणजे गाडी एक इंच वर उचलली जाणार. बाळूने कागद पाहिला आणि म्हणाला, "बाई, एका इंचासाठी कशाला एवढं? मी दगड चुकवीत नेतो की." मी म्हटलं, "एका मार्काने पोरं नापास होतात, बाळू." माझ्या या अशा बोलण्यावर समोरच्याने गप्प बसावं अशी मला सवय झालेली आहे. तो गप्प बसला.

नाना पेठेच्या बाजूला हमीदभाईंचं टायरचं दुकान आहे. आजोबांपासूनचं. हमीदभाई साठी उलटलेले, पांढरीशुभ्र दाढी, आणि बोलणं असं की मला वाटलं आमच्या पेठेतलंच कुणी समोर बसलंय. त्यांनी खुर्चीतून न उठता गाडीकडे पाहिलं.

"गाडी रिकामी आणलीत," ते म्हणाले.

"टायर बसवायचे आहेत. गाडी विकायची नाहीये."

"भरून आणा. रिकाम्या गाडीला मी मोठा टायर मोजत नाही."

"माप कागदावर आहे माझ्याकडे."

"कागदावर माल कुठे भरलाय, बाई? टायर जास्त वजनाचा घेतला म्हणून गाडी जास्त वजनाची होत नाही. खालचे स्प्रिंगचे पाटे तेच राहतात. माल भरला की पाटे बसतात, गाडी खाली येते. टायर आणि वरचा पत्रा यांच्यात माझी चार बोटं गेली तर टायर देईन. नाही गेली तर चहा देईन."

असा माणूस आमच्या पेठेत असता तर मी कौतुक केलं असतं. दुसऱ्या पेठेत होता म्हणून राग आला. शिवाय मला मनातून माहीत होतं की गाडी पूर्ण भरली तर त्यांची चार बोटं जाणार नाहीत. मग मी जे केलं ते असं. रोपांच्या पिशवीत माती असते. कोरडी पिशवी एका हाताने उचलते, पाणी दिलेली दोन हातांनी उचलावी लागते. मी रोपवाटिकेतल्या बायकांना सांगितलं, ही चारशे रोपं पावसातून छपराखाली घ्या आणि दोन दिवस पाणी देऊ नका. बाळू म्हणाला, "बाई, माना टाकायला लागलीत." मी म्हटलं, "निघायच्या आधी पाजू." ती कोरडी रोपं भरून आम्ही पुन्हा दुकानात गेलो.

हमीदभाई गोणपाट टाकून गाडीच्या कडेला चक्क आडवे झाले. मागच्या चाकावर हात घातला, नवा टायर शेजारी धरून अंदाज घेतला, आणि उठून कपडे झटकत म्हणाले, "जातायत. पण जेमतेम. एवढाच माल ना?"

"एवढाच."

मोजणीत मी खोटं बोलले नव्हते. रोपं चारशेच होती. अशा रीतीने खरं बोलायची ही पहिली वेळ.

टायर बसले. गाडी एकदम ऐटबाज दिसायला लागली, मलाही क्षणभर फार बरं वाटलं. बाळू बाहेर ताडपत्री आवळत होता. हमीदभाई पावती देताना म्हणाले, "वेगाचा काटा आता कमी दाखवेल. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त पळतं, काट्याला ते कळत नाही. ड्रायव्हरला सांगून ठेवा."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं. ठाऊक होतंच. काटा तीस दाखवील तेव्हा गाडी बत्तीसच्या थोडी वर असेल, हे मी घरीच काढून ठेवलं होतं. बाळूला मात्र सांगितलं नाही. तो आधीपासून या टायरांच्या विरोधात होता. त्याच्या हातात आणखी एक मुद्दा मी कशाला देऊ, इतकाच माझा विचार होता. साठी ओलांडलेल्या बाईचा विचार आहे हा.

वाघोली ते नसरापूर

निघायच्या आदल्या संध्याकाळी रोपांना पोटभर पाणी दिलं. प्रवासाला निघणाऱ्या रोपाला कोरडं पाठवायचं नाही, ही आमच्या रोपवाटिकेची शिस्त. ती ह्यांनी घातलेली. दोन दिवसांची तहान होती, पिशव्या पाणी पीतच राहिल्या. सकाळी गाडी पाहिली तर मागून चांगलीच बसली होती. बाळूने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

वाघोलीच्या पहिल्याच वळणावर मागून खर्र असा आवाज आला.

"बाई, मागं घासतंय कायतरी."

"नव्या रबराचा आवाज असतो. चार दिवसांत जाईल."

हे मी कुठून आणलं, देव जाणे. चौतीस वर्षांत एकाही मुलाला मी कारण न देता उत्तर लिहू दिलं नव्हतं.

शहर ओलांडून कात्रजचा बोगदा मागे पडला की हवा बदलते. श्रावण अर्धा झाला होता, पावसाची उघडझाप चालू होती. नसरापूरला आम्ही भजी खाल्ली. पुण्यात भज्यांबरोबर चटणी वेगळी मागावी लागते आणि मागितली की दुकानदार आपण त्याची जमीन मागितल्यासारखा बघतो. इथे बाईने न विचारता तळलेल्या मिरच्या, चटणी, वर कांदा असं सगळं वाढलं आणि "भजी गार झाली तर सांगा, दुसरी देते" असंही म्हणाली. मला अशा वागण्याचा संशय येतो. पण भजी उत्तम होती.

बाळू बशी घेऊन मागच्या चाकाशी बसला होता. त्याने चाकावरच्या पत्र्याखाली बोट फिरवून मला दाखवलं. बोटावर काळा भुगा होता.

"रबर हाय," तो म्हणाला. "थोडी रोपं हितं उतरवू का? माघारी येताना न्यू. न्हाईतर दोन खेपा करू."

"शेखर दुपारी खड्डे खणून मुलं घेऊन उभा राहणार आहे. चारशे सांगितलीत, चारशे न्यायची."

त्याने हात पुसला आणि गाडीत जाऊन बसला. हा प्रवास इथे थांबवता आला असता. रोपं उतरवायला सावली होती, ठेवून घेणारी भजीवाली होती, वेळही होता. नव्हती ती फक्त माझी तयारी. चूक झाली असं बाळूच्या तोंडावर म्हणायला मी तयार नव्हते.

घाट

वेल्ह्याच्या बाजूला वळलं की दोन्हीकडे भातखाचरं लागतात. लावणी होऊन महिना झालेला, रंग असा की डोळ्यांना धुतल्यासारखं वाटतं. राजगड ढगात होता, तोरण्याचा माथा मधेच दिसे, मधेच नाहीसा होई. वाटेत बायका डोक्यावर पानांची इरली घेऊन बांधावर बसल्या होत्या. आमच्याकडे शेजारी दारावर टकटक करायची तर काहीतरी कारण लागतं, इथे अनोळखी गाडी दिसली तरी बांधावरून हात वर होतो. बाळू प्रत्येकीला मान लववत होता. तो खुशीत होता. मला म्हणाला, "सोनाली ह्याच रस्त्यानं यील."

घाट सुरू झाला तसा त्याने काटा तीसवर आणला. मी शेजारीच बसले होते, मला काटा दिसत होता. वळण असो की सरळ, काटा तीसच्या रेघेवरून हलला नाही. मोकळा रस्ता आला तरी नाही. मुलं परीक्षेत एकाग्रतेने बसतात, तसा तो बसला होता. मला मनात बत्तीस दिसत होते. सांगावंसं वाटलं नाही असं नाही. पण आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं हा प्रश्न आला असता.

शेवटच्या चढाच्या आधी एका वळणावर रस्ता खचला होता. गाडी तिथे आदळली, मागून बंदुकीसारखा आवाज आला आणि गाडीची मागची बाजू दरीकडे सरकली. बाळूने सगळं अंग टाकून स्टिअरिंग डोंगराकडे फिरवलं. गाडी डोंगराकडेच्या चरात गेली आणि कलंडून टेकली. त्याने दुसरीकडे फिरवलं असतं तर हे लिहायला मी नसते. माझं दार वरच्या बाजूला आलं होतं. मी त्यातून उतरायला गेले आणि थेट चिखलात बसले. मंडळात लोक हसले ते या जागी.

बाळूचं मनगट स्टिअरिंगमध्ये पिरगळलं होतं. मागचा डावा टायर फाटून लोंबत होता. रोपं रस्ताभर पसरली होती. भातखाचरातल्या बायका न बोलावता वर आल्या आणि काही न विचारता रोपं गोळा करायला लागल्या. एकीने माझा हात धरून मला दगडावर बसवलं. "झाडं हायती, टाकून चालायचं न्हाई," असं म्हणत त्यांनी टोपल्यांत रोपं भरली आणि डोक्यावरून गावाकडे निघाल्या.

तेवढ्यात शेखर मोटारसायकलवरून आला. कुणीतरी त्याला फोन केला होता. आधी माझ्या पाया पडला, लागलं का विचारलं, बाळूचं मनगट पाहिलं. मग म्हणाला, "बाळू, वेग किती होता?"

"तीस, साहेब."

शेखर माझ्याकडे वळला. "बाई, तीसच होता?"

फाटलेला टायर समोर होता. टायर का फाटला हे विचारलं गेलं तर भिजलेली रोपं निघाली असती, नसरापूरचा काळा भुगा निघाला असता. ज्या मुलाला मी सहावीत फळ्यासमोर उभं करून त्रैराशिक शिकवलं होतं, त्याच्यासमोर माझंच उत्तर चुकलेलं निघालं असतं. त्याने मात्र टायरबद्दल विचारलं नव्हतं, वेग विचारला होता. आणि वेगाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"काटा तीसवर होता," मी म्हणाले. "टायर मोठे आहेत, त्यामुळे काटा कमी दाखवतो. खरा वेग बत्तीस."

"म्हणजे तीसच्या वर."

"हो."

बाळूने माझ्याकडे पाहिलं. मी आणखी काही बोलणार असं त्याला वाटत होतं, इतकं मला तेव्हाही कळलं. मी पदराचा चिखल झटकत राहिले. मग तो डाव्या हाताने जॅक काढायला गेला.

गाव

गावातल्या माणसांनी दोर लावून गाडी चरातून वर काढली. स्टेपनी जुन्याच मापाची होती. एक चाक लहान, तीन मोठी, अशी लंगडत गाडी गावात पोचली. आमची सोय शाळेतल्या एका शिक्षकाकडे होती. गरम नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, वरण आणि वर ताजं लोणी. पुण्यात पाहुण्याला आग्रह करतात तो त्याने नाही म्हणावं अशा बेताने करतात. इथे आग्रहच नव्हता, ताट रिकामं दिसलं की भरत होतं. त्या घरातल्या म्हातारीने हळद आणि कसलासा पाला वाटून बाळूच्या मनगटावर बांधला. बाळू डाव्या हाताने जेवला. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, हे सांगायलाही मला आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी रोपं लागली. चारशेपैकी बहुतेक जगतील अशी होती. मुलं दोघं दोघं मिळून एकेक रोप लावत होती. शेखरने मुलांना माझी ओळख करून दिली, "या माझ्या बाई. यांचं उत्तर कधी चुकत नाही." मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाळू दूर गाडीपाशी उभा होता आणि शाळेच्या मागच्या त्या दोन खोल्यांकडे बघत होता. खोल्यांपुढे मोरीच्या पाण्यावर कर्दळ वाढली होती.

निघताना शेखर मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाळूचं जमणार नाही, बाई. माणूस चांगला वाटतो, पण नियम केलाय तो पाळायला हवा. तुम्हाला वाईट वाटेल."

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं.

इथे आणखी एक लिहून टाकते. ते ऐकून मला वाईट वाटलं, पण त्याच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. बाळू आता माझ्याकडेच राहणार होता. घाटात "हो" म्हणताना हे माझ्या मनात होतं का, याचं उत्तर मला देता येत नाही. नव्हतं असं शपथेवर म्हणवत नाही.

पुणे, पुन्हा दुकानात

फाटका टायर घेऊन आम्ही हमीदभाईंकडे गेलो. मला वाटत होतं टायरमध्येच खोट निघावी. त्यांनी टायर फिरवून पाहिला, मग गाडीखाली हात घालून पत्र्याचा एक बोल्ट चाचपला. त्या बोल्टाचं टोक घासून चकचकीत झालं होतं. टायरवर बरोबर त्या जागी गोल चीर होती.

"हे वेगाने होत नाही," ते म्हणाले. "हे वजनाने होतं. रोपं ओली होती?"

"ओली होती."

"आणि मी मोजली तेव्हा?"

मी पावती शोधायला पर्स उघडली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. खरं तर त्यांनी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं, तो मला परतवता येतो. ते बाळूकडे वळून म्हणाले, "मनगटाला काय झालं, बाळूभाऊ? काट्याचं लक्षात ठेवलं होतंत ना?"

"कसल्या काट्याचं?" बाळूने विचारलं.

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन जुने टायर बाहेर काढायला लागले. मग मीच बाळूला सांगितलं, दुकानाच्या पायरीवर उभी राहून, मोठं चाक एका फेऱ्यात किती जास्त पळतं ते. वर्गात सांगावं तसं नीट सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी तुमाला म्हाईत व्हतं," तो म्हणाला.

"हो."

जुने टायर परत बसले.

एसटीने

पुढच्याच आठवड्यात मी एकटी एसटीने त्या गावी गेले. या प्रवासात मी बाहेर काही पाहिलं नाही, त्यामुळे वर्णन करण्यासारखं फारसं नाही. शेखर शाळेच्या कार्यालयात होता. दोन शिक्षकही होते. त्यांना बाहेर जायला सांगू नकोस असं मी म्हटलं आणि कोरड्या रोपांपासून सगळं सांगितलं. भजीवालीपाशी बाळू काय म्हणाला होता तेही सांगितलं.

शेखर टेबलावरची काच पुसत राहिला. मग म्हणाला, "बाई, दोन किलोमीटरचा फरक टायरामुळे आहे, त्यात त्याचा दोष नाही, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. एवढं गणित मला येतं. तुम्हीच शिकवलंय. पण तुम्ही 'हो' म्हणालात. मला वाटलं, बाईंना त्याच्याबद्दल आणखी काही माहीत असणार, त्याच्यासमोर बोलायचं नसेल. नाहीतर बाई दोन किलोमीटरसाठी माणसाला असं अडकवणार नाहीत."

दुसरा ड्रायव्हर सोमवारी रुजू झाला होता. त्याचं कुटुंब त्या दोन खोल्यांत आलं होतं. कर्दळीवर लहान मुलाचं झबलं वाळत होतं, ते मी परत जाताना पाहिलं. शेखरने बाळूचा अर्ज काढून त्यावरचा 'वेगाचा नियम मोडला' हा शेरा माझ्यासमोर खोडला. एसटी यायला दोन तास होते. कुणीतरी मला जेवायचा आग्रह केला. मी जेवले नाही.

वाघोली

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपवाटिकेत बाळू डाव्या हाताने पिशव्यांत माती भरत होता. मी त्याला सांगितलं, मी जाऊन आले, सगळं सांगितलं, जागा भरली आहे. त्याने मान हलवली. मी म्हटलं, "मला माफ कर, बाळू." तो म्हणाला, "बाई, एक काम करा. घरी येऊन सोनालीला सांगा. ती वर्गात समद्यांना सांगून बसली व्हती का मी डोंगरावरच्या शाळंत जानार. आता मला म्हणती, पप्पा, तुमी गाडी जोरात हानली म्हनून ऱ्हायलं."

त्याच दुपारी गेले. दोन खोल्यांचं घर, रस्त्यापासून आत. बाळूच्या बायकोने पाणी दिलं आणि ती दाराशी उभी राहिली. सोनाली शाळेतून नुकतीच आली होती, दप्तर अजून पाठीवर होतं. मी हजारो मुलांसमोर उभी राहिलेली बाई, त्या एका मुलीसमोर मला सुरुवात सापडेना. शेवटी साध्या शब्दांत सांगितलं. गाडी तुझ्या वडिलांनी हळूच चालवली होती. मी जास्त वजन भरलं, त्यांनी नको सांगितलं तरी ऐकलं नाही. आणि तिथे विचारलं तेव्हा मी त्यांच्यावर ढकललं.

तिने नीट ऐकलं. मला वाटलं ती मला विचारील, तुम्ही असं का केलंत. त्याचं उत्तर मी येताना तयार केलं होतं. पण ती बाळूकडे वळली.

"मग पप्पा, तुम्ही का नाही सांगितलं तिथं? तुम्ही का गप बसलात?"

बाळू भिंतीला टेकून उभा होता. त्याने मनगटावरची पट्टी जरा सारखी केली.

"बाई व्हत्या की तितं," तो म्हणाला. "मला वाटलं, त्या सांगतील."